विमानाच्या तिकिटातले विमानतळाचे पैसे: सोलापुरातल्या नवख्यांसाठी

होटगी रोडच्या विमानतळाचं २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्घाटन झालं. जून २०२५ मध्ये गोव्याचं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. तेव्हापासून नवी पेठ असो की सात रस्ता, तिकीट काढून देणाऱ्या काउंटरवर एक संवाद हमखास ऐकू येतो.

"काय ओ दादा, पंधराशेचं तिकीट म्हणालात की. हे वरचे पैसे कशाचे?"

"टॅक्स असतोय ओ अण्णा."

एवढ्यावर विषय संपतो. पण त्यातले बरेच पैसे सरकारचा कर नसतात आणि विमान कंपनीचे तर मुळीच नसतात. ते विमानतळाचे आणि सुरक्षेचे पैसे असतात. कंपनी ते आपल्याकडून घेते आणि पुढे पोचवते, मधल्या काळात फक्त सांभाळते. हे नीट कळलं की तिकीट रद्द केल्यावर काय मागायचं तेही कळतं. हा लेख दोघांसाठी आहे: पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांसाठी, आणि ट्रॅव्हल एजन्सीत किंवा विमान कंपनीच्या काउंटरवर नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी.

पायरी १: पावती फोडून वाचा

तिकीट काढताना शेवटच्या पानावर एकूण रकमेजवळ 'फेअर ब्रेकअप' किंवा 'भाड्याचा तपशील' असं काहीतरी दिसतं. तिथे दाबा. एजंटकडून घेत असाल तर तो तपशील छापून मागा. 'नुसता आकडा सांगितला तरी चालतंय' असं म्हणू नका. त्यात साधारण या ओळी असतात.

मूळ भाडं हे कंपनीचं. वायक्यू किंवा वायआर या नावाची ओळ दिसली तर तीही कंपनीचीच, इंधन अधिभार वगैरे त्यात येतो. के३ म्हणजे जीएसटी, इकॉनॉमी वर्गाच्या भाड्यावर ५ टक्के. संकेतस्थळं लावतात ती कन्व्हिनियन्स फी तिकीट विकणाऱ्याची. एखाद्या तिकिटावर आरसीएस नावाची ओळ असेल, तर ती उडान योजनेच्या, म्हणजे लहान गावांना विमानाने जोडण्याच्या सरकारी योजनेच्या निधीसाठी असते.

आता आपल्या विषयाच्या दोन ओळी. पी२ म्हणजे एव्हिएशन सिक्युरिटी फी, बोलीत एएसएफ. देशांतर्गत प्रवासाला ती २०० रुपये आहे आणि १८ टक्के जीएसटी धरून २३६ होतात. हा दर एप्रिल २०२१ पासूनचा. जुलै २०१९ पूर्वी याच कामासाठी पीएसएफ म्हणजे पॅसेंजर सर्व्हिस फीचा सुरक्षा-हिस्सा होता, १३० रुपयांचा. दुसरी ओळ आयएन, म्हणजे यूडीएफ, युजर डेव्हलपमेंट फी. हे पैसे विमानतळ चालवणाऱ्याचे: टर्मिनल, धावपट्टी, दिवे, सरकते पट्टे या सगळ्या खर्चासाठी. काही ठिकाणी एडीएफ नावाचं विकास शुल्कही असू शकतं.

काउंटरवर नवीन असाल तर पी२ आणि आयएन ही दोन नावं पहिल्याच दिवशी पाठ करा. गिऱ्हाइकाला समजावताना सगळा भर याच दोन ओळींवर येतो.

पायरी २: दर कोण ठरवतं ते ओळखा

सुरक्षा शुल्क देशभर एकच असतं, ते केंद्र सरकार ठरवतं. यूडीएफ मात्र विमानतळागणिक वेगळं.

वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळाला कायद्याने 'प्रमुख विमानतळ' म्हणतात. त्याचे दर एरा ही नियामक संस्था ठरवते, २००८ च्या कायद्याने. आधी ही मर्यादा १५ लाख होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती ३५ लाख झाली. मुंबई, पुणे ही प्रमुख विमानतळं. आपल्या सोलापूरच्या टर्मिनलची क्षमता वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवाशांची, म्हणजे आपण या यादीत नाही. हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा आहे आणि अशा लहान ठिकाणचा दर केंद्र सरकारच्या मंजुरीने ठरतो.

'मंजुरी' हा शब्द इथे वजनदार आहे. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि मुंबई विमानतळांवरच्या विकास शुल्काबाबत निकाल दिला. कायद्याने ज्याला दर ठरवायचा अधिकार दिलाय त्याने तो ठरवल्याशिवाय असं शुल्क प्रवाशाकडून घेता येत नाही, हे त्यातून पक्कं झालं. म्हणून तिकिटावरच्या प्रत्येक ओळीमागे एक आदेश असला पाहिजे आणि तो विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दर बदलला तर जुन्या तिकिटाचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. अमुक तारखेपासून काढलेल्या तिकिटांना नवा दर, असं साधारणपणे दराच्या आदेशातच लिहिलेलं असतं. म्हणजे प्रवासाची तारीख नव्हे, तिकीट काढल्याची तारीख पाहायची.

पायरी ३: एक फेरी कागदावर मांडा

सोलापूर ते मुंबई आणि परत, इकॉनॉमीने. मूळ भाडं बाजूला ठेवू, ते रोज बदलतं.

जाताना: सुरक्षा शुल्क २३६ रुपये. सोलापूरचं विमानतळ शुल्क तुमच्या तिकिटावर असेल तेवढं. आणि इथे नवखा माणूस हमखास अडखळतो: मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशालाही शुल्क आहे. मे २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार मुंबईत उतरणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाला ७५ रुपये, जीएसटी धरून ८८.५० रुपये.

येताना: मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाचं यूडीएफ १७५ रुपये, जीएसटीसह २०६.५० रुपये. पुन्हा सुरक्षा शुल्क २३६.

सोलापूरचं शुल्क सोडून बेरीज झाली ७६७ रुपये. यात कंपनीचा एक रुपयाही नाही. घरातली चार मोठी माणसं जाऊन आली तर तीन हजार अडुसष्ट. एवढे पैसे कुठे जातात हे विचारायला संकोच कशाला?

पायरी ४: माफी कोणाला ते तपासा

दोन वर्षांखालच्या बाळाला दोन्ही शुल्कं माफ आहेत. राजनैतिक पासपोर्टवाले, कामावर असलेले विमान कर्मचारी, लष्कराच्या विमानातून सरकारी कामासाठी जाणारे यांनाही माफी. हवामानामुळे किंवा विमानातल्या बिघाडामुळे प्रवाशाला नाइलाजाने दुसऱ्या विमानतळावरून पाठवलं, तर तिथलं शुल्क पुन्हा लागत नाही.

सोलापूरकरांच्या खऱ्या उपयोगाची माफी मात्र वेगळीच आहे, ट्रान्सफर प्रवाशाची. समजा मुंबईत उतरून तिथून दिल्लीला जायचंय. पुढचं विमान २४ तासांच्या आत असेल आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर मधल्या विमानतळावर तुम्ही ट्रान्सफर प्रवासी ठरता आणि तिथलं शुल्क लागत नाही. दोन वेगळी तिकिटं काढली, तर पुढचं विमान दोन तासांनी असलं तरी ही सवलत नाही. मुंबईत उतरण्याचे ८८.५०, निघण्याचे २०६.५० आणि सुरक्षेचे २३६ असे ५३१ रुपये प्रत्येकी जास्त जातात.

एक तिकीट मिळतं ते दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे असतील किंवा कंपन्यांचा आपसात करार असेल तरच. एजंटाने हे आधी तपासून गिऱ्हाइकाला दोन्ही पर्याय दाखवावेत. गिऱ्हाईक टिकतं ते अशाने.

पायरी ५: कंपनीने हे पैसे पुढे कसे भरायचे

आता खरा विषय. काउंटरवर किंवा हिशोबाच्या खोलीत काम करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

तिकीट विकलं त्या क्षणी प्रवाशाचे सगळे पैसे कंपनीच्या खात्यात येतात. तिथून वाटा फुटतात. सुरक्षा शुल्क जातं राष्ट्रीय विमान सुरक्षा शुल्क न्यासाकडे. हा निधी देशभराचा एकत्र आहे, त्यामुळे सोलापुरात जमलेले २०० रुपये सोलापुरातच खर्च होतात असं समजू नका. यूडीएफ जातं त्या त्या विमानतळ चालकाकडे: मुंबईचं मुंबईच्या खासगी चालकाकडे, सोलापूरचं प्राधिकरणाकडे.

यूडीएफचा हिशोब प्रत्यक्ष प्रवाशांवर होतो. विमान सुटलं की किती माणसं चढली, त्यातली बाळं किती, ट्रान्सफरवाली किती, कामावरचे कर्मचारी किती, ही आकडेवारी कंपनीने विमानतळाला द्यायची. त्यावर विमानतळ बिल काढतं. माफीतली माणसं वेगळी दाखवली नाहीत तर त्यांचंही बिल येतं, आणि दाखवताना गफलत झाली तर पुढे तपासणीत अडकायला होतं. म्हणून चेक-इन काउंटरवर बाळाची नोंद 'बाळ' म्हणूनच झाली पाहिजे. बारीक गोष्ट वाटते, पण बिल त्यावर उभं असतं.

प्राधिकरणाच्या मोठ्या विमानतळांच्या दर-आदेशांत भरण्याची शिस्त स्पष्ट लिहिलेली आहे. बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम भरली, तर कंपनीला वसुलीच्या कामाबद्दल प्रत्येक निघणाऱ्या प्रवाशामागे ५ रुपये मिळतात. ७० प्रवाशांच्या एका विमानाला ३५० रुपये. पंधरा दिवस उलटले तर काही नाही. अर्धवट भरले तरी काही नाही. आणि कंपनीने प्राधिकरणाची दुसऱ्या कुठल्या खात्यावरची रक्कम थकवली असेल, तर हे बिल वेळेत भरूनही ते ५ रुपये मिळत नाहीत. अधूनमधून येणाऱ्या चार्टर विमानवाल्यांना हा मोबदलाच नाही.

मला ही रचना योग्य वाटते. कंपनीचं काउंटर, तिची यंत्रणा, तिची माणसं राबतात, त्याचा मोबदला मिळावा. पण तो वेळेवर भरणाऱ्यालाच.

जीएसटीच्या बाजूनेही हेच तत्त्व आहे. ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात अप्रत्यक्ष कर मंडळाने सांगितलं की यूडीएफ आणि पीएसएफ ही विमानतळाने प्रवाशाला दिलेल्या सेवेची किंमत आहे. त्यावरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी विमानतळाची, विमान कंपनी यात 'प्युअर एजंट', म्हणजे निव्वळ मध्यस्थ. शेजाऱ्याने त्याच्या वीजबिलाचे पैसे आपल्याकडे दिले आणि आपण ते भरून आलो, म्हणून ती आपली कमाई ठरत नाही, तसंच हे. पण मध्यस्थ म्हणवून घ्यायचं तर अटी आहेत. ही रक्कम बिलावर वेगळी दाखवायची आणि जेवढी विमानतळाला दिली तेवढीच प्रवाशाकडून घ्यायची. वसुलीचे ५ रुपये मात्र कंपनीची स्वतःची कमाई, त्यावरचा जीएसटी कंपनीने भरायचा.

चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांनी आणि यंत्रमागवाल्यांनी त्याच परिपत्रकातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धंद्याच्या कामासाठी प्रवास केला आणि तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल, तर यूडीएफवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट विमान कंपनीच्या बिलावरून घेता येतं. तिकीट काढतानाच जीएसटी क्रमांक टाका आणि बिल उतरवून घ्या. महिन्याअखेर शोधत बसलात तर सापडत नाही.

पायरी ६: लहान विमानतळाला हे पैसे का लागतात

मोठ्या विमानतळाला विमान उतरण्याचं भाडं, विमान उभं करण्याचं भाडं, दुकानांचं भाडं असं बरंच उत्पन्न असतं. एराच्या दरपत्रकांत नियमित देशांतर्गत सेवेतल्या ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचं भाडं माफ असतं. उडान योजनेतल्या उड्डाणांना उतरण्याचं आणि उभं राहण्याचं, दोन्ही माफ. सोलापुरात येणारी विमानं पाहा: गोव्याचं एटीआर आणि मुंबईचं ७६ आसनी एम्ब्रेयर, दोन्ही ८० च्या आतली.

ही सूट चांगलीच आहे. ती नसती तर आपल्यासारख्या गावाला विमान मिळणं अवघड होतं. पण त्यामुळे अशा विमानतळाकडे हक्काचे पैसे थोडेच उरतात आणि प्रवाशामागे मिळणारं शुल्क त्यातला मोठा भाग ठरतं. एखाद्या कंपनीने ते अडकवून ठेवलं तर मुंबईला फारसं कळणारही नाही, लहान विमानतळाला मात्र लगेच जाणवतं.

पैसे थकले तर विमानतळाच्या हातात काय असतं? कंपनीची अनामत किंवा बँक हमी, उशिरावर व्याज, आणि शेवटी उधारी बंद. त्याला 'कॅश अँड कॅरी' म्हणतात: आधी पैसे, मग उड्डाण. किंगफिशरवर प्राधिकरणाने ही वेळ आणली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या कंपनीची उड्डाणं थांबली तेव्हा प्राधिकरणाची मोठी रक्कम बुडीत राहिली. याच किंगफिशरने काही काळ सोलापूर-मुंबई सेवा दिली होती, अनेकांना ती आठवत असेल.

माझं स्पष्ट मत आहे की प्रवाशाकडून घेतलेलं विमानतळ शुल्क कंपनीने वेगळ्या खात्यात ठेवावं, इंधनाच्या बिलात आणि पगारात मिसळू देऊ नये. दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात पडून राहिला की अडचणीच्या महिन्यात हात तिकडेच जातो. प्रवाशाने मात्र घाबरायचं कारण नाही. तुम्ही तिकिटाचे पैसे दिलेत, तुमची जबाबदारी संपली. कंपनीने पुढे भरले नाहीत म्हणून होटगी रोडवर तुम्हाला कोणी दुसऱ्यांदा पैसे मागू शकत नाही.

पायरी ७: प्रवास झाला नाही तर पैसे परत मागा

इथे लोक सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. 'नॉन-रिफंडेबल' लिहिलंय ना, मग गेले पैसे, असं धरून चालतात.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा आहे: तिकीट रद्द केलं, वापरलं नाही, किंवा विमान चुकलं, तरी सगळे वैधानिक कर आणि यूडीएफ, एडीएफ, पीएसएफ कंपनीने परत केले पाहिजेत. मूळ भाडं परत न मिळणाऱ्या स्वस्त, सवलतीच्या तिकिटांनाही हा नियम लागू आहे. कारण उघड आहे: तुम्ही विमानतळ वापरलाच नाही, तर त्याचं शुल्क कसलं?

त्याच नियमात आणखी काही गोष्टी आहेत. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त असू शकत नाही. परतावा देण्यासाठी वेगळी फी लावता येत नाही. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर सात दिवसांत परत यायला हवेत. एजंट किंवा संकेतस्थळावरून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी. आणि पैसे क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवायचे की खात्यावर घ्यायचे, हे तुम्ही ठरवायचं, कंपनीने नव्हे.

करायचं कसं ते आता क्रमाने. जाणं जमणार नाही हे कळलं की विमान सुटण्याआधी तिकीट रद्द करा. चुकलंच, तर त्याच दिवशी कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा ईमेलने 'कर आणि विमानतळ शुल्काचा परतावा' मागा. पीएनआर आणि पायरी एकमधला तपशील जोडा, आणि मागताना आकडा लिहा: पी२ इतके, आयएन इतके. मोघम 'रिफंड द्या' म्हटलं तर 'तिकीट नॉन-रिफंडेबल आहे' असं साचेबद्ध उत्तर येतं. आकड्यासकट मागितलं की त्यांना तो आकडा पाहावाच लागतो.

उत्तर आलं नाही किंवा कमी पैसे आले, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा, त्यानंतर अपील अधिकाऱ्याला. दोन्ही पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. त्याच वेळी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही सांगता येतं. फोनवर काही ठरलं तर लगेच ईमेल टाका, 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून. कागद नसेल तर पुढे काही हलत नाही.

यातही सुटलं नाही तर ग्राहक आयोग. कंपनीचं मुख्यालय बेंगळुरूला किंवा गोव्याला असेल, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे आपल्या सोलापूरच्या जिल्हा आयोगात. तिकिटाची रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे त्याला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांत दाखल करायची. सोबत तिकीट, भाड्याचा तपशील, पैसे भरल्याचा पुरावा, कंपनीशी झालेले ईमेल आणि एअरसेवाचा क्रमांक एवढं जोडा. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं.